मावशीचा खुबा

‘कमजोरी’ हा शब्द ऐकला की अजूनही माझं डोकं फिरतं. अमरावतीत फिजिओथेरपीचा दवाखाना चालवता चालवता माझी पन्नाशी आली, आणि एवढ्या वर्षांत कितीतरी बाया हाच शब्द घेऊन माझ्या दारातून आत आल्या. कंबर धरते, कमजोरी. पायरी चढताना पाय देत नाही, कमजोरी. तेच दुखणं पुरुषाला झालं तर त्याची नस सापडते, मणका सापडतो, सरकलेली गादी सापडते. बाईच्या दुखण्याला मात्र जागाच नसते. ती सगळीच्या सगळी कमजोर असते, आणि तिला टॉनिकची बाटली देऊन घरी पाठवतात.

माझ्या मावशीला असंच पाठवलं होतं.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. चांदूर बाजारपासून थोडं आत तिचं गाव. सात एकर काळी जमीन, दोनेक एकर भिजवू शकणारी विहीर, आणि घरात ती आणि तिचे यजमान, काकाजी. एकुलता एक मुलगा अकोल्याला नोकरीला, दुसऱ्या मजल्यावर त्याचा फ्लॅट. हे सगळं घडलं ती वर्षं कापसाचे भाव पडल्याची. तेव्हा मुंबईहून, दिल्लीहून लोक गाड्या करून वऱ्हाडात यायचे आणि ‘कुणी जीव दिला का’ हा एकच प्रश्न विचारून जायचे. ज्या घरात कुणी मेलं नव्हतं त्या घरापुढे गाडी थांबत नसे. मावशीच्या घरात कुणी मेलं नव्हतं, दारात कुणी पैसे मागायला उभं नव्हतं. फक्त वावरात जे घातलं ते वावरातून परत येत नव्हतं. त्यामुळे गडी ठेवणं परवडत नव्हतं, आणि गड्याचं काम मावशी करत होती. काकाजी मनाने चांगले, पण दम्याने बाजेवर टेकलेले. पेरणीपासून वेचणीपर्यंत वावर चालायचं ते मावशीच्या अंगावर.

त्या दिवाळीला मी गेले तेव्हा ती आडावरून बादली घेऊन येत होती. उजव्या पायावर भार आला की तिची कंबर डावीकडे खचायची. एक पाऊल सरळ, एक पाऊल खचलेलं. ही चाल ओळखायला मला तपासावं लागत नाही. आपण एका पायावर उभे राहिलो की त्या बाजूच्या खुब्याचे बाहेरचे स्नायू कंबर सपाट धरून ठेवतात. त्यांनी सोडलं की दुसरी बाजू खाली येते.

“मावशी, कधीपासून?”

“काय कधीपासून?”

“लंगडतेस ते.”

“मी कुठी लंगडून राह्यली? बादली जड हाये. तू धर मंग.”

मी बादली धरली. बादलीशिवायही ती तशीच चालली. मी म्हटलं, अमरावतीला चल, दोन दिवस राहा, तपासू. ती म्हणाली, वेचणी संपू दे. वेचणी संपायच्या आत तालुक्याला शिबिर भरलं.

त्या वर्षांत शिबिरं फार. मंडप, बॅनर, बॅनरवर हसरे चेहरे, आणि टेबलामागे एक तरुण डॉक्टर, ज्याला दुपारपर्यंत रांग संपवायची असते. वावरात निंदायला, म्हणजे तण काढायला, येणाऱ्या बायांच्या टोळीबरोबर ट्रॉलीत बसून मावशी गेली. परत आल्यावर तिने मला फोन केला.

“पाय उचला म्हने. उचलला. त्यानं वरून हात ठेवून दाबला, त पडला पाय. म्हने, आजी, ताकदच नाही तुमच्यात, कमजोरी हाये. मी म्हनलं, कमजोरी हाये त कालचं कापसाचं गाठोडं का तुह्या मायनं आनलं बापा वावरातून?”

“मग काय म्हणाला?”

“काय म्हनते? हसला अन् बाटली देल्ली. लाल हाये. गोड लागते.”

“पाय वळवून पाहिला का त्याने? आत, बाहेर?”

“पाय का चाबी हाये वळवाले?”

इथेच माझा संताप सुरू झाला आणि तो अजून पुरता विझलेला नाही. खुब्याचा सांधा उखळीचा असतो. मांडीच्या हाडाचं गोल डोकं कमरेच्या हाडातल्या वाटीत बसतं आणि तिथे फिरतं. फिरणं हेच त्याचं काम. जो सांधा फिरण्यासाठीच आहे तो फिरतो की नाही हे न पाहता ताकदीवर निकाल द्यायचा, म्हणजे कुलपाला किल्ली न लावताच दार मजबूत आहे की नाही ते सांगायचं. वळवून बघायला वेळही लागत नाही. पण रांग मोठी होती, आणि आजी कमजोर होती.

बाटली संपली. फरक पडला नाही. मग गावच्या डॉक्टरने सलाईन लावली. आमच्या भागात ही रीतच आहे. हंगामाच्या तोंडावर बैलाला जशी सरकीची ढेप चारतात, तशी माणसं आपल्याला सलाईन लावून घेतात. त्यातही पिवळी सलाईन पांढरीपेक्षा जास्त ताकदीची, असा सगळ्यांचा विश्वास. साखरमिठाचं पाणी आणि त्यात रंग देणारं एखादं जीवनसत्त्व, यापलीकडे त्यात काही नसतं हे डॉक्टरला माहीत असतं. तो सांगत नाही. न लावली तर पेशंट शेजारच्या गावात जाऊन लावून घेईल, असं त्याचं उत्तर असतं, आणि ते खरंही असतं. त्यामुळे मी कुणावर चिडावं हेही मला नीट ठरवता येत नाही.

मग अकोल्याहून मुलगा आला. येताना त्याने प्लास्टिकची खुर्ची आणली, मधोमध भोक असलेली. आणि जाहीर केलं, “आई, आजपासून खाली बसणं बंद. उकिडवं नाही, मांडी नाही. खुबा झिजतो.”

हा सल्ला माझ्याच धंद्यातले लोक देतात, म्हणून जास्त लागतो. शहरातल्या माणसाने खाली बसणं बंद केलं तर त्याचं काही अडत नाही. मावशीची चूल खाली, जातं खाली, कापूस खाली, तण खाली. तिला खाली बसू नको म्हणणं म्हणजे घरातून आणि वावरातून ऊठ म्हणण्यासारखं. शिवाय जो सांधा आधीच फिरेनासा झालाय त्याला खुर्चीत सरळ कोंबून ठेवलं तर तो उरलासुरला फिरणंही सोडतो, आणि त्याच्याभोवतीचे स्नायू आणखी ढिले पडतात. महिनाभर मावशी खुर्चीत बसली. महिनाभरात ती भिंत धरून चालायला लागली. सगळे म्हणाले, बघा, म्हटलं नव्हतं?

मग मुलाचा मला फोन आला.

“ताई, पाडव्याला वावर मक्त्याने देतो. चांदूर बाजारचे एक जण तयार आहेत, ट्रॅक्टर आहे त्यांच्याकडे. आईबाबांना अकोल्याला घेऊन येतो.”

“मावशी हो म्हणाली?”

“तिला काय विचारायचं? तिच्यानं होत नाही आता. खुबा गेला तिचा. तुम्हीच समजावा, तुमचं ऐकते ती.”

मक्त्याने देणं म्हणजे वर्षभरासाठी वावर दुसऱ्याला कसायला देणं. आमच्याकडे तो व्यवहार गुढीपाडव्याला ठरतो. एकदा दिलेलं वावर पुढच्या पाडव्याला परत मिळतं, पण ते कागदावर. बैलजोडी विकलेली असते, टोळीतल्या बाया दुसऱ्याकडे लागलेल्या असतात, आणि म्हातारी माणसं फ्लॅटमध्ये रुळलेली असतात. मी पाहिलेल्या घरांत गेलेलं वावर हातात परत आलेलं क्वचितच. मावशीला हे माझ्याहून जास्त माहीत होतं.

त्याच संध्याकाळी तिचा फोन आला. “दुसऱ्या मजल्यावर मी काय निंदू वं? फरशी?”

मी दवाखान्याच्या भिंतीवर कामांची यादी लावते, त्या आठवड्याची सगळी यादी खोडली आणि एसटीने निघाले.

पोचल्यावर आधी तिला चांदूर बाजारला नेऊन एक्सरे काढून घेतला. झीज होती, पण तिच्या वयाच्या मानाने फार नव्हती. तेवढ्या झिजेवर किती माणसं सातपुडा चढतात. मी सतरंजी अंथरली आणि मावशीला पालथं निजवलं. खाली उतरवायलाच दोघी लागल्या, मी आणि शेजारची एक बाई. ही बाई निंदणाऱ्या बायांची टोळी घेऊन फिरायची. जिभेला धार, आणि मावशीशी तीस वर्षांची भांडणं आणि तीस वर्षांचा घरोबा.

पालथं निजवून मी मावशीचे दोन्ही गुडघे वाकवले, तळवे आढ्याकडे. मग पावलं बाहेरच्या बाजूला पडू दिली. असं केलं की मांडी खुब्यात आतल्या बाजूला वळते. डावं पाऊल सहज खाली गेलं. उजवं जागचं हललं नाही. मी जरा रेटलं तर पायाऐवजी अख्खी कंबरच उचलली गेली.

“कोंबडी सोलून राह्यली का तू?” मावशी सतरंजीत तोंड खुपसून ओरडली.

“दुखलं?”

“दुखलं नाही. अडलं.”

मला हेच ऐकायचं होतं. मग तिला डाव्या कुशीवर निजवलं आणि उजवा पाय वर उचलायला सांगितला. तिने पंजा बाहेर फिरवून, बोटं आभाळाकडे करून पाय उचलला. मी वरून दाबला. माझा हात तिने असा झुगारला की मी मागे सरकले. आता पंजा सरळ धर, म्हटलं. टाच जराशी वर, बोटं भिंतीकडे. तोच पाय, तीच बाई, तोच क्षण. पाय थरथरायला लागला आणि मी दोन बोटं ठेवताच खाली आला.

शिबिरातल्या डॉक्टरने जे दाबून पाहिलं होतं ते हे दुसरं. त्याचं पाहणं चुकलं नव्हतं, निकाल चुकला होता. स्नायूची ताकद पोत्यातल्या ज्वारीसारखी मोजून भरलेली नसते. सांधा कोणत्या वळणात आहे त्यावर ती ठरते. ज्या वळणात स्नायूने वर्षानुवर्षं काम केलं तिथे तो पहिलवान असतो, आणि ज्या वळणात त्याला कधी नेलंच नाही तिथे तो तान्हं मूल. मावशीचा उजवा खुबा बाहेर वळलेला असताना भक्कम होता. आत वळायचा तर तो वळतच नव्हता, मग तिथे ताकद येणार कुठून? आणि सरळ चालताना, पाऊल पुढे टाकून अंग त्यावरून पलीकडे नेताना, थोडं तरी आत वळावंच लागतं. तिथे तिची कंबर खचत होती.

पण उजवाच का? हे मला कळेना. पडली नव्हती, मार नव्हता.

“मावशी, निंदायला कशी बसतेस दाखव.”

“आता मी बसू शकते त तू कायले आली असती?”

तेव्हा टोळीवाली बाई पुढे झाली. “थांब, मी दावतो इची बैठक.” तिने पदर खोचला, हातात विळ्याऐवजी उलथणं घेतलं आणि जमिनीवर बसली. पण बसली ती अशी, की आम्ही दोघी हसून लोळलो. उजवा पाय पुढे वावराकडे, गुडघा बाहेर पडलेला, आणि कमरेपासून वरचं सगळं अंग डावीकडे पिळलेलं. मान आणखी पिळलेली. डोळे वटारलेले. “ए, तुह्या पातीत गवत सुटलं! ए भवाने, कापसाची पराटी कापली ना! पानी पियाले किती येळ?”

हुबेहूब मावशी.

“तीस सालापासून उजव्या धुऱ्याची पात हिची,” ती बाई म्हणाली. धुरा म्हणजे वावराचा बांध, आणि पात म्हणजे निंदणीत प्रत्येकीच्या वाट्याला येणारी ओळ. “आमी पाती बदलत जातो. मालकीनबाई बदलत नाही. काहून? त तिकडून आमच्या सगळ्याइवर नजर राह्यते.”

“नाही ठेवली नजर त अर्धं तन तसंच ठेवता तुमी,” मावशी पडल्या पडल्या म्हणाली.

मला दुसरं काही विचारायची गरज उरली नाही. सगळ्या बाया पात बदलतात, त्यामुळे त्यांचं अंग कधी इकडे पिळतं, कधी तिकडे. मालकीण उजव्या कडेला बसून आयुष्यभर डावीकडे बघत राहिली. पाय पुढे, कंबर डावीकडे, म्हणजे उजवा खुबा दिवसभर बाहेर वळलेला. निंदण, वेचणी, सोंगणी, प्रत्येक हंगामात तेच. मजुरी करणाऱ्या बायांचे खुबे शाबूत राहिले आणि मालकिणीचा अडकला. आणि त्या मालकीचं तरी काय, सातबाऱ्यावर नाव काकाजींचं.

मी तिला व्यायाम सांगितले. आधी फिरणं, मग ताकद, हा क्रम मी तिच्याकडून तीनदा म्हणून घेतला. पालथं निजून पावलं बाहेर सोडायची, ओढायची नाहीत, सोडायची. बाजेच्या काठावर बसून उजवं पाऊल हळूहळू बाहेर न्यायचं. जेवढं नवीन वळण मिळेल तेवढ्या वळणात लगेच पाय उचलायचा, कुशीवर निजून. म्हणजे सांध्याने जी जागा मोकळी केली ती स्नायूने ताब्यात घ्यायची. नुसतं फिरवत बसलं तर ढिलं राहतं, नुसतं उचलत बसलं तर अडलेलंच घट्ट होतं. आणि ती भोकाची खुर्ची मी स्वतः उचलून गोठ्यात नेऊन ठेवली.

पंधरा-वीस दिवसांनी परत गेले तेव्हा मावशीने मोठ्या तोऱ्यात पाय दाखवला. पायाला तिने सरकीची पुरचुंडी बांधली होती. “पाहाय. वजन घेऊन उचलतो मी.”

पाय वर गेला. पंजा आभाळाकडे.

मी कपाळावर हात मारला. जी ताकद आधीच होती तीच तिने आणखी वाढवली होती. पाय उचलला जातोय म्हणून तिला बरं वाटत होतं, आणि अंग आपोआप त्याच बाजूने पळत होतं जिथे त्याला सोपं जात होतं. दवाखान्यातसुद्धा माणसं हेच करतात. मी सरकी सोडून बैलापुढे टाकली. मग तिला भिंतीला पाठ लावून कुशीवर निजवलं, आणि उजवी टाच भिंतीला टेकवून ती भिंतीवरूनच वर सरकवायला लावली. टाच भिंतीला असली की पंजा बाहेर पळत नाही. पहिल्या दिवशी पाय वीतभरही गेला नाही आणि मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. दुखून नाही. रागाने.

“एवढी मेली का मी?”

“मेली नाहीस. या बाजूला तू कधी गेलीच नाहीस.”

मी अमरावतीला परतायचे, म्हणून पहाऱ्याला टोळीवालीला बसवलं. तीस वर्षं जिची नजर अंगावर झेलली तिच्यावर नजर ठेवायला मिळाली, ही संधी तिने सोडली नाही. ती रोज यायची, दारात बसून गहू निवडायची आणि ओरडायची, “पंजा! ए मालकीनबाई, पंजा सुटला!” काकाजी दम लागेपर्यंत हसायचे.

माघ सरला. खुबा पुरता वळला असं मी म्हणणार नाही. झिजलेला सांधा पोरीसारखा वळत नाही. पण डाव्याच्या निम्म्याने तरी उजवा आत यायला लागला, आणि तेवढ्या वळणात तिचा पाय माझ्या हाताला दाद देईना. चालताना कंबर खचायची थांबली. लांब चाललं की थोडी खचायची, पण भिंत सुटली.

मग हरभरा सोंगणीला आला. हरभरा सोंगायचा म्हणजे उकिडवं बसून विळ्याने कापत पुढे सरकायचं. मावशी म्हणाली, मी जातो. मी म्हटलं, जा, पण पात डाव्या धुऱ्याची घ्यायची. तिथे बसलीस तर बायांकडे बघायला उजवीकडे वळशील, खुबा आत येईल.

 तिने विळ्याची धार अंगठ्याने चाचपली.

“तिकडून मले काहीच दिसत नाही,” ती म्हणाली. “उजव्या हाताले विळा, डोळा विळ्यावरच राह्यते. कोन काय करून राह्यलं कसं समजन?”

“नाही समजलं तर?”

“तुले काय, तू डाक्तरीन.”

मला वाटलं ती ऐकणार नाही. मी वावरात गेले तेव्हा बाया धुऱ्यावर उभ्या होत्या आणि उजव्या कडेची पात सवयीने रिकामी ठेवलेली होती. मावशी तिथवर गेली, थांबली, मग सगळ्या बायांच्या पाठीमागून चालत डाव्या टोकाला गेली आणि बसली.  थोड्या वेळाने टोळीवाली म्हणाली, “आज वावरात मालक नाही वं, मजा हाये,” आणि सगळ्या हसल्या. मावशीही हसली. पण कान तिचे तिकडेच होते. दुपारपर्यंत तिने सोंगलं, मग उठली. माझा हात न धरता उठली.

मला वाटलं, संपलं. खुबा गेला म्हणून वावर जाणार होतं, आता खुबा आला. मी बावळट होते.

पाडव्याला मी गावातच होते. गुढी उभारली, कडुनिंब झाला, आणि दहाच्या सुमारास चांदूर बाजारचे ते गृहस्थ आले. जुन्या मुसलमान घरातले, बियाण्याचं दुकान, स्वतःची शेती, वर आजूबाजूची वावरं मक्त्याने घेऊन करायचे. अदबीने बोलणारा माणूस. येताना स्टँप पेपर घेऊन आले होते. मुलगा आदल्या दिवशीच अकोल्याहून आला होता. सगळे ओसरीवर बसले. मावशीने चहा आणला, कप खाली ठेवले आणि स्वतः तिथेच जमिनीवर बसली.

मुलगा बघत राहिला. “आई, तू खाली बसलीस?”

“हरभरा बी सोंगला.”

“वा, छानच झालं. ताईंनी कमाल केली.” मग त्याने पाहुण्यांकडे तोंड केलं. “तर पेपरात नाव...”

“थांब,” मावशी म्हणाली. “खुबा बरा हाये माहा.”

“अगं हो, आनंदच आहे. पण आई, प्रश्न खुब्याचा नाहीये. भाव काय मिळतोय? गेल्या तीन वर्षांत काय उरलं? यात काही राहिलं नाही. कुणीही हिशेब केला तर हेच सांगेल.”

तो खोटं बोलत नव्हता. त्या वर्षांत कुणीही हेच सांगितलं असतं. मला राग आला तो त्याच्या हिशेबाचा नाही.

मावशीने त्याच्याकडे नीट पाहिलं. “मंग माह्या खुब्याचं नाव काहून घेतलं?”

मुलाने चहाचा कप उचलला.

“गावात सांगितलं, आईच्यानं होत नाही. पाहुन्याइले सांगितलं, आईच्यानं होत नाही. तुह्या बायकोनं सांगितलं. या पोरीले फोन केला, आईचा खुबा गेला. दोन महिने मी घरात मेल्यावानी बसली, का माह्या पायी वावर चाललं. मी भितीले टाच लावून रडली लेका. अन् आता म्हन्तं भाव?”

“आई, चारचौघांत...”

“चारचौघाइतच सांगितलं होतं ना?”

पाहुणे चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, “देखो भाऊ, मी त जमीन पाहून आलो होतो. घरातला मामला पहिले घरात मिटवा. मी दुकानात बसलेलोच हावो.”

ते उठायला लागले, तशी मावशी म्हणाली, “बसा तुमी. मक्त्यानं द्यायचं ठरलं हाये ना? द्या. मले द्या.”

“काय?” मुलगा म्हणाला.

“मक्ता मले द्या. हे देनार होते तेवढ्यातच. पुढच्या पाडव्यापर्यंत. नाही जमलं त मी येतो तुह्या दुसऱ्या मजल्यावर, सोताच्या पायानं चढून येतो.”

“आई, अगं बाबांच्याच वावराचे मक्त्याचे पैसे तू बाबांना देणार?”

“आजवर फुकट केलं. आता कागद करून करतो.”

पाहुणे हसले नाहीत, याबद्दल मला ते अजून आवडतात. त्यांनी काकाजींकडे पाहिलं. “मालक, तुमी बोला. मावशी घेऊन राह्यल्या त माही बोली नाही.”

काकाजी भिंतीला टेकून बसले होते. दम आवरून त्यांनी एवढंच म्हटलं, “तिलेच द्या.”

स्टँप पेपर पाहुण्यांनी मुलापुढे सरकवला. लिहिणारा तिथे तोच होता. त्याने मान खाली घालून लिहिलं. गाव, तालुका, गटनंबर, चारी बाजूंच्या हद्दी. देणार म्हणून काकाजींचं नाव. घेणार म्हणून मावशीचं संपूर्ण नाव. मी त्याच्या खांद्यावरून वाचत होते. त्या जमिनीच्या कुठल्याही कागदावर मावशीचं नाव मी पहिल्यांदा पाहत होते, आणि ते मक्तेदार म्हणून होतं, एका वर्षापुरतं.

मावशीला त्यात काही गैर वाटलं नाही. तिने पेन घेतलं, सही केली, आणि शाई वाळेपर्यंत कागद हातात धरून बसली. सगळा राग मलाच येत राहिला.